बोकडाच्या हृदयावरचा एकटा ठिपका

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिसत नाही हे मला कळलं ते कोशिंबिरीमुळे.

आमच्याकडे पान वाढायची शिस्त होती. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी आणि आमटी. यात तसूभर इकडचं तिकडे झालेलं आईला खपत नसे. त्या दिवशी आई विटाळशी म्हणून बाजूला बसलेली होती, वाढायला मी होते, आणि मला कसली तरी घाई होती. मी कोशिंबीर उजवीकडे वाढली आणि वांग्याची भाजी डावीकडे. अण्णांनी पोळीचा तुकडा मोडला, उजवीकडे नेला, आणि काकडीच्या दह्यात बुडवून तोंडात घातला. घास तोंडातच थांबला. भर दुपार होती, दार सताड उघडं होतं, अंगणातलं ऊन थेट पानापर्यंत आलं होतं. मी काही न बोलता तुपाची वाटी त्यांच्या पुढ्यात धरली. तूप दिसलं की "पुरे, पुरे" म्हणून हात आडवा करणारा माणूस, ढिम्म बसून राहिला.

परसात हात धुताना ते मला म्हणाले, "कळलं ना तुला? आईला सांगू नकोस."

मी तेव्हा सतरा वर्षांची. मॅट्रिक होऊन घरी बसले होते, स्थळं येत होती, आणि येणाऱ्या प्रत्येक स्थळावर माझा आधीच राग होता. स्वभाव मुळातला तिखट. त्यामुळे मला पहिल्यांदा दुःख झालं नाही, रागच आला. "केव्हापासून?" मी विचारलं. छत्री कुठे विसरली ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. दोन वर्षं होत आली होती. मागे एकदा कागद आणायला म्हणून पुण्याला गेले होते, ते कागदासाठी नव्हे. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की डोळ्यामागची नस वाळत चालली आहे, उपाय नाही. उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं. अगदी नाक टेकवलं की जाड काळी रेघ दिसते. बाकी सगळं ताकासारखं पांढुरकं.

अण्णा नगरच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. आता तुम्ही म्हणाल, आंधळा होत चाललेला ड्रॉइंग मास्तर दोन वर्षं शाळेत खपला कसा? अगदी बिनबोभाट खपला. तीस वर्षं फळ्यावर तोच तांब्या, तोच आंबा, तीच नक्षी काढलेली. हाताला सगळं पाठ होतं. आणि मुलं चित्र दाखवायला आली की कागद डोळ्यांसमोर धरून अण्णा म्हणायचे, "छाया कमी पडलीय." शाळेतल्या मुलांच्या चित्रात छाया कमीच पडलेली असते, त्यामुळे हे कधी चुकत नसे.

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षीचा पावसाळा संपला आणि गावातले एक डॉक्टर आमच्याकडे आले.

बेचाळीस साल उलटून गेलं होतं. लढाई चालू होती, रस्त्यांवर लष्कराच्या गाड्यांची धूळ, भुईकोट किल्ल्यात पुढारी कैदेत, आणि बाजारात रॉकेलपासून टाचणीपर्यंत सगळ्याची मारामार. अशा दिवसांत माळीवाड्याजवळ दवाखाना असलेले हे डॉक्टर एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. रोगी तपासून झाले की दवाखान्यामागच्या खोलीत जाऊन ते बोकडाची हृदयं कापून बघत. लोक त्यांना अर्धवट म्हणायचे. पण नाडीला त्यांचा हात असा होता की म्हणणारेही औषधाला त्यांच्याकडेच जायचे. त्यांना एक लेख लिहून मुंबईला पाठवायचा होता आणि त्यासाठी सहा चित्रं हवी होती. फोटोची सामग्री मिळत नव्हती, मिळाली असती तरी त्यांना हवं होतं ते फोटोत आलं नसतं. म्हणून ते ड्रॉइंग मास्तरांच्या दारात आले.

"मास्तर, छापलेल्या प्रत्येक चित्राखाली तुमचं नाव येईल," ते म्हणाले.

अण्णांनी काय काढायचं आहे हे ऐकायच्या आधीच हो म्हटलं. मी दाराआडून बघत होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. तीस वर्षं तांबे आणि आंबे काढलेल्या माणसाचं नाव छापून येणार होतं, आणि ते बघायला थोडीच नजर शिल्लक होती. हे त्यांच्याइतकंच मलाही कळत होतं.

डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला वेड लागलंय का? काढणार कसं?"

"तू बघ. मी काढतो," अण्णा म्हणाले.

अशी मी रंग कालवायला म्हणून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. आईला वाटलं, माझं मन रमावं म्हणून नेतात. तिची अट एकच होती: परत आलं की दोघांनी परसातून यायचं, अंगावरून पाणी घ्यायचं, मगच घरात पाऊल. "बोकडाच्या काळजात बसून आलेली माणसं माझ्या देवघरावरून जायची नाहीत," ती म्हणायची. बादली मात्र कढत पाण्याने भरून तयार ठेवायची.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून धडा दिला. माझ्याकडे ते फारसं बघत नव्हते, पण समजलं ते मलाच. हृदयाला चार कप्पे, ते म्हणाले, दोन वर आणि दोन खाली. खालचे दोन धटिंगण. रक्त ढकलायचं काम त्यांचं, म्हणून सगळ्या जगाचं लक्ष त्यांच्याकडे. पण ठोका सुरू होतो तो वरच्या उजव्या कप्प्यात. आणि हृदय काही मेंदूचं मिंधं नाही. बेडकाचं हृदय कापून बाहेर ठेवलं तरी बराच वेळ उडत राहतं.

"मास्तर, मेंदू म्हणजे आपला कलेक्टर," डॉक्टर म्हणाले. "तो कचेरीत बसून हुकूम काढतो. नसा हुकूम घेऊन छातीत उतरतात. पण गावात कोणाचं भांडण कसं मिटवायचं ते कलेक्टर ठरवतो का? ते पाटील ठरवतो. हृदयाचे स्वतःचे पाटील असतात. खसखशीएवढ्या गाठी. वरच्या कप्प्यांच्या पाठीला, जिथे मोठ्या शिरा येऊन मिळतात ना, तिथल्या चरबीत त्यांची वस्ती. हुकूम आधी त्यांच्याकडे येतो. ते आपापसांत बोलतात, आणि मग तिथून बारीक धागे वरच्या कप्प्यांच्या भिंतीत शिरतात. कोणता धागा कोणत्या गाठीतून निघतो आणि कप्प्यात कुठे शिरतो, एवढंच मला काढून हवंय. जे आहे तेवढंच."

"जे आहे तेवढंच," अण्णांनी मान हलवली.

हृदय ताजं लागायचं. रविवारी आणि बुधवारी सकाळी डॉक्टरांचे कंपाउंडर खाटकाकडून ते आणत. राहुरीकडचे म्हातारेसे गृहस्थ, मिशा पांढऱ्या. डबा टेबलावर ठेवत म्हणायचे, "ताई, आज लई ताजं हाय बगा. खाटीक रोज इचारतो, तुमचा डागदर यवढी काळजं घिऊन करतो तरी काय? खात तर न्हाई! म्या म्हनलं, बाबा, त्यो ती पोथीवानी वाचतो."

डॉक्टर ते हृदय धुऊन, मागची बाजू वर करून, एका निळ्या औषधात ठेवत. थोड्या वेळाने बाकीचं मांस फिकट राही आणि गाठी, धागे तेवढे निळे होऊन वर येत. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला किळस येईल असं वाटलं होतं. आली नाही. मेणाच्या काळ्या ताटलीत ती पाठ पसरलेली, आणि तिच्यावर निळे ठिपके, ठिपक्यांना जोडणारे निळे दोरे. मी भिंग डोळ्याला लावलं आणि तोंडातून आपोआप गेलं, "अगंबाई, ही तर रांगोळी!"

अडचण एकच होती. तो निळा रंग टिकत नसे. तास-सव्वा तासात धागे एकेक करून विरत जायचे. डॉक्टर रंग चढवून रोगी बघायला निघून जात. ते परत येईपर्यंत आम्हाला सगळं कागदावर उतरवायचं असे. आमच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. खोलीत आम्हा दोघांशिवाय कोणी नसायचं.

युक्ती अण्णांनी काढली. आईकडे रांगोळीचा एक जाड कागद होता, उदबत्तीने भोकं पाडलेला. तो अंगणात ठेवून वरून रांगोळी सोडली की ठिपके आपोआप ओळीने पडत. अण्णांनी चित्राच्या कागदावर तसेच टाचणीने टोचे पाडले, बोटालाच लागतील इतके बारीक. ताटलीवर मी आडवे-उभे दोरे ताणून तसेच चौकोन केले. मग मी भिंगातून बघून सांगायचं, "तिसरी ओळ, पाचवा ठिपका. तिथे एक गाठ, ज्वारीच्या कणीएवढी. तिच्यातून धागा डावीकडे, दोन ठिपके सरळ, मग वर वळतो." अण्णांचं डावं बोट टोच्यावरून चालत तिथे पोचायचं आणि उजव्या हातातला टाक त्याच्या मागोमाग. रेघ अशी यायची की बघत राहावं. नजर गेली होती, पण हात केसभरही हलत नव्हता. ते काढत असताना मी श्वाससुद्धा हळू घ्यायची.

त्या सकाळी मला फार आवडायच्या, हे सांगून टाकते. अण्णा इतकं माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. "वळण कसं आहे? ताणलेलं की सैल?" ते विचारायचे. "सैल म्हणजे किती? वेणीतून सुटलेल्या बटेइतकं की वाळत घातलेल्या दोरीइतकं?" बघणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. तोपर्यंत मी नुसती डोळे उघडे ठेवून हिंडत होते.

तीन चित्रं झाली. डॉक्टर खूश होते. चौथं चित्र वरच्या उजव्या कप्प्याच्या पाठीचं, सगळ्यांत महत्त्वाचं, कारण ठोका तिथून निघतो. तेच मी बिघडवलं.

त्या दिवशी रंग उशिरा चढला आणि लवकर उतरू लागला. मी घाईघाईने सांगत होते. एकेक गाठ, एकेक धागा झाला. शेवटी एक गाठ उरली, बाकीच्यांपासून थोडी दूर, चांगली ठसठशीत. तिच्यातून निघणारा धागा मला सापडेना. मी भिंग पुढे-मागे केलं, ताटली फिरवली. काही नाही. नुसताच ठिपका.

"मग? इथून कुठे?" अण्णांनी विचारलं. टाक शाईत बुडवून त्यांनी हवेत धरला होता.

आता इथे आईचा नियम सांगायला हवा. रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायला तिने मला पाचव्या वर्षी शिकवलं, तेव्हापासून एक गोष्ट ती बजावत आली होती: एकही ठिपका एकटा ठेवायचा नाही. ठिपका एकटा राहिला तर घरातलं एक माणूस एकटं पडतं. मी मॅट्रिक झालेली, असल्या गोष्टींना हसणारी मुलगी. पण बारा वर्षं रोज सकाळी केलेली गोष्ट डोक्यात नसते, हातात असते. तो निळा ठिपका तसा सुटा पडलेला मला बघवेना. समोर अण्णा, आणि रंग तर विरतच होता.

"खालून वळसा घेऊन शेजारच्या गाठीला मिळतो," मी म्हटलं.

अण्णांनी रेघ ओढली. सहाही चित्रांत इतकी सुंदर रेघ दुसरी नव्हती.

डॉक्टर परत आले, चित्रावर वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "मास्तर, हा धागा मला कधी दिसला नव्हता! इतकी हृदयं पाहिली. काय नजर आहे तुमची!"

अण्णा लाजले. पन्नाशीचा माणूस कानापर्यंत लाल झाला. नजरेची तारीफ त्यांची कोणी करावी, आणि ती आता व्हावी! मी रंगाच्या वाट्या धुवायला म्हणून बाहेर गेले आणि धुतलेल्या वाट्या पुन्हा धुतल्या.

मनाला समजावत राहिले. बोकडाचं हृदय ते, एक धागा जास्त झाला तर कोणाचं काय अडलं? पण पुढच्या रविवारी डॉक्टरांनी आधी स्वतः भिंग घेतलं आणि तो धागा शोधला. मिळाला नाही. बुधवारी शोधला, मिळाला नाही. त्यापुढच्या रविवारी ते डोळे चोळत म्हणाले, "माझीच नजर कमी पडतेय, मास्तर. चष्मा बदलायला हवा. तुमच्या चित्रात आहे म्हणजे आहेच. मी लेखात त्याच्यावर स्वतंत्र परिच्छेद घातलाय."

त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

मला काय भीती होती ते उघड होतं. धागा खोटा आहे हे सांगायचं, तर तो कोणी पाहिला हेही सांगावं लागणार. म्हणजे अण्णांचं आंधळेपण चव्हाट्यावर. चित्रं गेली, नाव गेलं, शाळाही गेली. आणि न सांगावं, तर तो भला माणूस खोटी गोष्ट खरी मानून मुंबईला पाठवणार. सहावं चित्र झालं होतं. येत्या सोमवारी पार्सल जायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी अण्णा अंगणात खाटेवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना रडले, आणि रडू आल्याचा राग येऊन आणखी रडले.

अण्णांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती गाठ होती कशी? नीट सांग."

"एकटी. तिच्यातून काही निघतच नव्हतं."

"मग तसंच सांगायचं."

"आई म्हणते, ठिपका एकटा ठेवायचा नाही."

अण्णा हसले. खरंच हसले. "अगं वेडे, रांगोळी आपण काढतो. तिथे आपली सत्ता. हे आपण काढलेलं नाही."

मी चिडून म्हटलं, "राहू द्या ना मग! एका रेघेने काय होतंय? तुमचं नाव येऊ द्या एकदा. पुढे कधी येणार आहे?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण आवाज करडा होता. "त्या डॉक्टरांना स्वच्छ दिसत होतं की तिथे धागा नाही. माझ्यामुळे त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडालाय. चांगले डोळे आहेत त्यांचे. एका माणसाचे गेले तेवढे पुरेत."



रविवारी सकाळी आम्ही नेहमीच्या वेळी गेलो. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "डॉक्टर, मला दिसत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. सहाही चित्रांत हात माझा आहे, नजर हिची आहे. चौथ्या चित्रातला तो धागा नाही. हिला दिसला नव्हता. ठिपका मोकळा राहू नये म्हणून हिने सांगितला, मी काढला. तुमची नजर चांगली आहे. चष्मा बदलू नका."

डॉक्टर उठले. अण्णांना खिडकीपाशी नेऊन त्यांनी दोन्ही डोळे उजेडाकडे करून पाहिले. पापणी हळूच खाली सोडली. रागावतील असं मला वाटत होतं.  पण ते माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच नीट बघितलं माझ्याकडे. "बस इथे. भिंग घे. ती गाठ दाखव."

कंपाउंडरनी आणलेलं हृदय औषधात तयार होतं. जागा थोडी इकडची तिकडे होती, पण गाठ होती. सुटी, तशीच ठसठशीत.

"धागा आहे?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!" मी म्हटलं, आणि जीभ चावली.

डॉक्टर किंचित हसले. बारीक चिमटा घेऊन त्यांनी त्या गाठीभोवतीची चरबी कणाकणाने बाजूला केली, मग पात्याच्या टोकाने गाठ अलगद एका अंगाला कलती केली. "आता बघ."

मी बघितलं. गाठीच्या बुडातून एक निळा दोरा निघाला होता आणि सरळ खाली, कप्प्याच्या भिंतीत शिरत होता. आत कुठे गेला ते दिसत नव्हतं. पण जात होता.

"काय आहे?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ती एकटी नाही," मी म्हटलं.  "तिचा धागा आत गेलाय. वरून दिसत नव्हता."

"इतके दिवस मी शेजारीपाजारी शोधत बसलो," डॉक्टर पुटपुटले. "हा पाटील थेट घरात शिरलाय." मग त्यांनी तो परिच्छेद लिहिलेला कागद काढला, उभा फाडला आणि नवा लिहायला बसले.

चित्रही दुरुस्त करायचं होतं. तसला जाड कागद लढाईच्या दिवसांत पुन्हा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून रेघ खरवडून काढावी लागणार होती. अण्णांनी पातं माझ्या हातात दिलं. स्वतःची सगळ्यांत चांगली रेघ मला खरवडायला लावली आणि मी खरवडत असताना माझ्या मनगटावर बोटं ठेवून बसले, माझा हात थरथरतोय का ते बघत. काम झालं तेव्हा कागदावर तिथे एक फिकी खरखर राहिली. ती कशाने गेली नाही. त्या एकट्या गाठीपाशी अण्णांनी टाचणीने आणखी एक टोचा पाडला.

"कशाला?" मी विचारलं.

"मला सापडायला हवी ना."

घरी आलो तेव्हा कढत पाण्याची बादली तयार होती. अण्णांनी आईला सांगायला सुरुवात केली, "अगं, एक गोष्ट तुझ्यापासून लपवली..." आईने तांब्या त्यांच्या हातात दिला. "मला काय सांगताय? दोन वर्षं मी पान मोजूनमापून कोणासाठी वाढतेय?" ती म्हणाली. अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शाळेत अण्णांनी आपणहून सांगितलं. वर्ष संपेपर्यंत त्यांना राहू दिलं, मग ते घरी बसले.

लेख छापून यायला दीड वर्ष लागलं. तोवर अण्णांना उजेडसुद्धा कळेनासा झाला होता. डॉक्टरांनी मूळ चित्रं आणि छापील अंक, दोन्ही कंपाउंडरच्या हाती पाठवलं. आम्ही दोघं ओसरीवर बसलो. अण्णांनी आधी मूळ चौथं चित्र मांडीवर घेतलं, बोट फिरवत नेमके त्या टोच्यावर आले. "हीच ना?" "हीच." मग त्यांनी छापलेल्या पानावर हात फिरवला. ते गुळगुळीत होतं, बोटाला काही लागत नव्हतं.

"ती रेघ?" त्यांनी विचारलं.

"नाही आलेली. गाठ आहे, आणि शेजारी बारीक बाण काढून आतला धागा दाखवलाय."

"छान." ते थोडे थांबले. मग, जणू सहज आठवलं म्हणून, "आणि खाली नाव?"

मी पान आधीच पाहिलं होतं. सहाच्या सहा चित्रं उलटून पाहिली होती, पुन्हा पुन्हा. चित्रांखाली आकडे होते, अक्षरं होती. अण्णांचं नाव कुठेही नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं की त्यांनी पाठवलं होतं, छापणाऱ्यांनी गाळलं. चिठ्ठीत त्यांनी तीनदा क्षमा मागितली होती.

आयुष्यात इतकं अवघड मला पुन्हा काही वाटलं नाही. अण्णांची बोटं त्या गुळगुळीत कागदावर होती. मी हो म्हटलं असतं तर ते कोणाला विचारायला जाणार नव्हते. माझ्या तोंडात नाव तयार होतं. आतून मला ते तिथे ठेवायचं होतं, त्या धाग्यासारखंच.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "नाव नाही."

 रस्त्याने एक टांगा गेला, त्याचा आवाज पार लांब गेला. मग त्यांनी चाचपून माझा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. "शाब्बास," ते म्हणाले. "आता मला काळजी नाही. आता तू सांगशील ते मला दिसेल."

आणि खरंच तसं झालं. आभाळ भरून आलंय म्हटलं की ते वाळवण आत घ्यायला सांगायचे. कडुनिंब फुललाय म्हटलं की तिकडे तोंड करून बसायचे. त्यांना बरं वाटावं म्हणून उगाच काही सांगायची सोय मला राहिली नव्हती.

अंक आला त्याच दिवशी, बऱ्याच वेळाने, त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुझी आई आता कशी दिसते गं?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "केस पांढरे झालेत," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे."

"सगळे कुठे?" आतून आईचा आवाज आला. चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. "कानामागचे काळे आहेत अजून!"

मी उठले, आत गेले, आणि तिचा पदर बाजूला करून उजेडाशी नीट पाहिलं. मग ओसरीवर येऊन अण्णांना सांगितलं, "आहेत. चार-पाच आहेत."